शेलवंडी वन, उत्तर द्या

स्वरूपा ओव्हाळला शेलवंडी नगरपरिषदेत नोकरी लागली ती नवऱ्याच्या जागी. निरंजन तिथल्या अग्निशमन दलात फायरमन होता. थर्माकोलच्या एका गोदामाला आग लागली, ती विझवायला आत गेला आणि छताखाली सापडला. कामावर माणूस गेला की घरातल्या एकाला अनुकंपा म्हणून घेतात. घरात उरल्या होत्या तिघी. मुलगी मिनल दुसरीत, सासूबाई जाईबाई साठीच्या पुढच्या, त्यामुळे नाव लागलं स्वरूपाचं.

नेमणुकीच्या दिवशी साहेबांनी तिला समोर बसवलं, चहा मागवला आणि निरंजनबद्दल चार चांगले शब्द बोलले. तिनं मान हलवली, चहा प्यायला. बाहेर व्हरांड्यात जाईबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणलं गं सायेब?"

स्वरूपाला सांगता येईना. शब्द कानावर पडले होते, पण त्यातला एकही आत टिकला नव्हता.

ते सगळं वर्षच तसं गेलं. निरंजनला मोशीच्या घरी आणलं तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तिला हलवून हलवून रडवायचा प्रयत्न केला. दापोडीहून तिची आई येऊन महिनाभर राहिली आणि रोज म्हणायची, "एकदा रडून घे गं बाई, मोकळी हो." स्वरूपा म्हणायची, "येत नाही गं." खोटं नव्हतं ते. एकदा पोळ्या करताना तिची बोटं तव्याला टेकली आणि दुपारी भांडी घासताना फोड दिसले तेव्हा तिला कळलं. तेव्हाही ती फोडांकडे थोडा वेळ बघत बसली, एवढंच.

जाईबाईंचं तसं नव्हतं. त्या रडल्या, जेवण सोडलं, मग हळूहळू उठल्या. त्यांनी स्वतःपुरतं एक उत्तर शोधलं होतं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या ते सांगायच्या. "त्याची येळ भरली व्हती. छत पडायची येळ आन त्याची येळ एकच. कुनी काय करनार?" अधिकाऱ्यांनीही घरी येऊन तेच सांगितलं होतं, की छत अचानक कोसळलं, कोणाला काही कळायच्या आत. स्वरूपानं ते ऐकलं होतं आणि पुढे काही विचारलं नव्हतं.

त्या आगीनंतर या पट्ट्यात एक गोष्ट मात्र घडली. भोसरीपासून चाकणपर्यंत शहराचं अग्निशमन दल वेगळं, औद्योगिक वसाहतीचं वेगळं, छोट्या नगरपरिषदांची आणखी वेगळी. पोलीस आणि रुग्णवाहिका ते निराळंच. प्रत्येकाचा वायरलेस स्वतःचा. मोठी आग लागली की सगळ्यांच्या गाड्या एका फाटकात उभ्या राहायच्या, पण शेजारच्या गाडीच्या सेटवर बोलायची सोय नव्हती. निरोप द्यायचा तर फोन लावायचा, नाही तर पळत जायचं. आता सगळ्यांना मिळून एकच नवी यंत्रणा घ्यायची ठरली. कंट्रोल रूम कोणाच्या इमारतीत, टॉवर कुठे, पाटीवर पहिलं नाव कोणाचं, यावर बैठकांमागून बैठका झाल्या. दिघीच्या टेकडीवरच्या जागेला लष्कराची परवानगी येईपर्यंत एक पावसाळा उलटला. शेवटी भोसरीजवळच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर खोली मिळाली आणि प्रत्येकानं तिथे दोन माणसं द्यायची ठरली.

शेलवंडीकडे मुळात माणसंच कमी. गाडीवरची माणसं देता येईनात. साहेबांनी नुकत्याच रुजू झालेल्या स्वरूपाला बोलावलं.

"तुम्हाला बरं पडेल ते. मोशीहून जवळ. बसून काम, ऊन नाही, धूर नाही."

"बरं," ती म्हणाली. त्यांनी झाडलोट करायला सांगितलं असतं तरी ती बरंच म्हणाली असती.

कंट्रोल रूममध्ये एसी इतका गार असायचा, की बायका स्वेटर घालून बसायच्या. समोर भिंतभर नकाशा, प्रत्येकासमोर दोन पडदे, कानाला हेडफोन. स्वरूपाच्या शेजारच्या खुर्चीवर ज्योतीराम म्हणून शहराच्या दलातले जुने ऑपरेटर होते. मूळचे लातूरकडचे. त्यांचं अर्धं आयुष्य वायरलेसवर गेलं होतं आणि नव्या पडद्यांवर त्यांचा राग होता.

"खटका दाबला की बोलायलो, सोडला की ऐकायलो, असं होतं आमचं," ते म्हणायचे. "आता ह्या काचेला बोट लावा म्हणायलेत. बोट थंड असलं की ती काच ऐकतच नाही बघा, ताई."

स्वरूपाला जुनं काही माहीत नव्हतं, म्हणून विसरायचंही काही नव्हतं. लग्नाआधी ती चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर होती. दाखवलं तसं करायचं, एवढं तिला जमायचं. ती शिकली.

शिकण्यापेक्षा भांडणं जास्त झाली ती शब्दांवरून. आगीच्या ठिकाणी धोका दिसला आणि माणसं बाहेर काढायची झाली, तर हुकूम काय द्यायचा? शहराचे लोक 'मागे फिरा' म्हणायचे. वसाहतीचे 'इव्हॅक्युएट' म्हणायचे. शेलवंडीत नुसती शिट्टी मारायचे. दोन अधिकारी तर त्यावरून एकमेकांशी बोलेनासे झाले. शेवटी ज्योतीराम म्हणाले, "तोंडाला मास्क, कानात पंपाचा आवाज. तिथं काय ऐकू येतंय ते बघा की आधी." मग ठरलं, 'सगळे बाहेर'. दोनदा म्हणायचं. आणि त्यानंतर कंट्रोलनं एकेका गाडीचं नाव घ्यायचं, गाडीनं उत्तर द्यायचं. गाड्यांना नवी नावं मिळाली. शेलवंडीची एकुलती एक मोठी गाडी झाली 'शेलवंडी वन', म्हणजे एक नंबर.

यंत्रणा देणाऱ्या कंपनीनं शिकवायला आयुष नावाचा एक तरुण इंजिनिअर पाठवला होता. हुशार आणि सगळ्यांशी अदबीनं बोलणारा. एका सकाळी त्यानं पडद्यावर एक नकाशा लावला.

"हे सगळं आपण कशासाठी करतोय, ते एका उदाहरणावरून बघू," तो म्हणाला. "घटना खरी आहे. नावं काढून टाकलीत."

नकाशावर एक मोठी शेड होती, पुढे रस्ता, बाजूला वजनकाटा. वजनकाटा पाहून स्वरूपानं शेड ओळखली. घरून थेट आगीवर गेलेल्या निरंजनची मोटारसायकल त्या वजनकाट्यापाशी पुढे दोन दिवस तशीच उभी होती आणि ती आणायला स्वरूपाचा भाऊ गेला होता.

नकाशावर रंगीत ठिपके होते. निळे शहराचे, हिरवे वसाहतीचे, नारिंगी नगरपरिषदेचे. आयुष एकेक बटण दाबत गेला.

"इथे शहराच्या अधिकाऱ्यांना छताचा लोखंडी सांगाडा वाकताना दिसला. त्यांनी वायरलेसवर सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. निळे ठिपके बघा, बाहेर आले. हिरव्यांचा एक माणूस निळ्यांच्या गाडीपाशी होता, त्यानं ऐकलं, हिरवेही आले. नारिंगींचा सेट वेगळा. त्यांना हुकूम पोचलाच नाही. त्यातला एक बाकीच्यांना पळताना बघून बाहेर आला. एक मागच्या बाजूला होता."

त्यानं बटण दाबलं. शेड करडी झाली. एक नारिंगी ठिपका आतच राहिला.

"म्हणजे निर्णय बरोबर होता. वेळेवर होता. फक्त पोचला नाही."

स्वरूपानं हात वर केला. "हुकूम दिला आणि छत पडलं, त्यात वेळ किती होता?"

"भरपूर होता, मॅडम," आयुष उत्साहानं म्हणाला. "चालत बाहेर येण्याइतका."

खोलीतल्या निम्म्या लोकांना ती कोण ते ठाऊक होतं. कोणी मान वर केली नाही. ज्योतीराम उठले आणि उगाच मोठ्यानं म्हणाले, "साहेब, चहा घेऊ या आता. चला, चला, उठा."

स्वरूपा चहाला गेली नाही. तिनं डबा उघडला आणि जेवून घेतलं. वांग्याची भाजी होती. सगळी संपवली, डबा धुतला. परत आली तर आयुष तिच्या खुर्चीपाशी उभा होता, चेहरा उतरलेला. कोणीतरी त्याला सांगितलं होतं.

"मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. मी ती स्लाइड काढून टाकतो. आत्ताच काढतो."

"काढू नका," ती म्हणाली. "मला परत दाखवा. मघाशी मधे सगळे बसले होते, नीट दिसलं नाही."

मग त्यानं परत नकाशा लावला. रिकाम्या खोलीत दोघांनी ते ठिपके पुन्हा हलताना पाहिले. आयुष नुसती बटणं दाबत होता.

"हा जो बाहेर आला," तिनं दुसऱ्या नारिंगी ठिपक्याकडे बोट केलं, "त्याचं नाव आहे तुमच्याकडे?"

"नाही, मॅडम."

"बरं."

नाव तिला माहीत होतं. त्या दिवशी निरंजनच्या जोडीला विक्की होता. पोरगेला, त्यांच्याच दलातला. स्वतःचं लग्न व्हायच्या आधी तो रविवारचा त्यांच्या घरीच जेवायला असायचा. निरंजनच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो आला, मागच्या ओळीत बसला, वंदना झाली तसा उठून गेला. त्यानंतर त्यानं घराची पायरी चढली नव्हती.

संध्याकाळी ती मोशीच्या बसमध्ये उभी होती. आपल्याला आता काहीतरी वाटेल म्हणून ती वाट बघत होती. राग येईल, निदान रडू फुटेल. स्टॉपमागून स्टॉप गेले. काही झालं नाही. उतरल्यावर तिनं मिनलसाठी केळी घेतली आणि घरी गेली.

ओट्यापाशी शेजारीण बसली होती आणि जाईबाई तिला सांगत होत्या, "येळ भरली व्हती त्याची. कुनाच्या हातात काय हाय?" स्वरूपानं केळी ताटलीत ठेवली. त्या रात्री ती बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सासूबाईंनी जे धरून ठेवलं होतं तेवढंच त्यांच्याकडे होतं. ते काढून घेतलं तर त्याच्या जागी द्यायला आपल्याकडे काय आहे, असं तिला वाटायचं. तिच्याकडे तर रडणंही नव्हतं.

यंत्रणा सुरू झाली. पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. एका भाषणात 'कर्तव्यावर वीरमरण आलेले आपले बंधू' असा उल्लेख झाला, पण नाव घेताना वक्त्यानं निरंजनचं निरांजन केलं. पाहुणे गेले, हार सुकले आणि काम चालू झालं. रोजचं काम किरकोळच असायचं. कचऱ्याला आग, कोणाच्या स्वयंपाकघरात साप, महामार्गावर सांडलेलं ऑइल, लिफ्टमध्ये अडकलेलं कोणी. फोन यायचा, स्वरूपा जवळची गाडी बघायची आणि सांगायची. तिचा आवाज कधी वर चढायचा नाही, खाली उतरायचा नाही. महिन्या-दोन महिन्यांत तो सगळ्या गाड्यांना ओळखीचा झाला. ड्रायव्हर लोक विचारायचे, "आज ओव्हाळ ताई हायत का? मग बरंय."

"ताई, तुमचा आवाज लई शांत बघा," ज्योतीराम एकदा म्हणाले. "आगीतल्या माणसाला असाच आवाज पाहिजे."

तिनं हेडफोन परत कानाला लावला. तिला माहीत होतं, तो शांतपणा नव्हता. घरातलं सामान काढून नेल्यावर खोलीत जी शांतता राहते, तशी ती होती. पण कामाला चालत होती.

विक्कीचा आवाज तिला रोज ऐकू यायचा. शेलवंडी वनचा सेट बहुतेक त्याच्याच हातात असायचा. "कंट्रोल, शेलवंडी वन पोचली. ओव्हर." कधी वहिनी म्हणाला नाही, कधी चुकून नावही नाही. तीही म्हणायची, "शेलवंडी वन, कंट्रोल. रॉजर." असे दोघे रोज बोलत होते आणि बोलत नव्हते.

एप्रिलमध्ये एका दुपारी चाकणकडच्या रंगाच्या गोदामाला आग लागली. आत थिनरची पिंपं होती. शहराच्या गाड्या गेल्या, वसाहतीच्या गेल्या, शेलवंडी वन गेली, आणि पहिल्यांदाच सगळे वायरलेसच्या एकाच ग्रुपवर आले. स्वरूपाच्या कानात एकाच वेळी अनेक माणसं बोलत होती आणि ती एकेकाला उत्तर देत होती. मग घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याचा आवाज आला, घाईचा.

"कंट्रोल, मागची पिंपं फुटायला लागलीत. सगळ्यांना बाहेर काढा. लगेच."

स्वरूपानं बटण दाबलं. "सगळे बाहेर. सगळे बाहेर. कंट्रोलचा हुकूम आहे. सगळे बाहेर."

मग नावं घ्यायला सुरुवात केली. शहराच्या गाड्यांनी उत्तरं दिली. वसाहतीच्या दोन्हींनी दिली.

"शेलवंडी वन, उत्तर द्या."

काही नाही.

"शेलवंडी वन, कंट्रोल बोलतेय. उत्तर द्या."

नुसती खरखर. मागे ज्योतीराम येऊन उभे राहिले. घटनास्थळावरचा अधिकारी विचारत होता, शेलवंडीचे लोक कुठल्या दारानं गेले होते. स्वरूपानं त्याला दार सांगितलं. आवाज तोच, नेहमीचा. आतून मात्र तिला तो करडा झालेला नकाशा दिसत होता.

"शेलवंडी वन, उत्तर द्या."

तिसऱ्या हाकेनंतर विक्कीचा आवाज आला, धापा टाकत. "कंट्रोल, शेलवंडी वन. आम्ही बाहेर आहोत. सगळे बाहेर. हुकूम ऐकूनच आलो. बाहेर आल्यावर सेट गाडीत ठेवला होता."

"रॉजर," स्वरूपा म्हणाली आणि पुढच्या गाडीचं नाव घेतलं.

गोदामाचा मागचा भाग उडाला. कोणाला खरचटलं नाही. चार वाजेपर्यंत आग आटोक्यात आली. तिनं पाळी पूर्ण केली, पुढच्या माणसाला सगळं नीट समजावून दिलं, पर्स घेतली. ज्योतीराम म्हणाले, "ताई, पाणी प्या थोडं." ती प्यायली. खाली उतरली आणि मोशीच्या बसकडे न जाता समोर आलेली रिक्षा धरून शेलवंडीला गेली.

तिथल्या फायर स्टेशनात ती निरंजन गेल्यापासून आली नव्हती. गाडी नुकतीच परतली होती. अंगणात ओले होज पाइप पसरलेले होते आणि विक्की त्यांच्यावरची काजळी धूत होता. तिला बघून तो उठून उभा राहिला.

"वहिनी..."

"सेट कुठे होता?"

"गाडीत. सीटवर. बाहेर आलो तसा पाणी प्यायला..."

"सेट कुठे होता, विक्की?"

"सांगतोय ना वहिनी, सीटवर राहिला."

"हाक मारली की उत्तर द्यायचं!" तिचा आवाज फुटला. एवढा मोठा आवाज आपल्याकडे आहे हे ती विसरली होती. "कळतं का तुला? तीनदा बोलावलं मी! तीनदा! तू पाणी पीत होतास! आम्ही तिथे बसलोय, आम्हाला काय दिसतं? काही दिसत नाही आम्हाला! तू मेलास का जिवंत आहेस, कोणी सांगायचं? उत्तर द्यायचं! मेला नाहीस ना? मग बोलायचं!"

आतली माणसं बाहेर आली आणि दारातच थांबली. विक्की हातातला ब्रश धरून उभा होता. ती ओरडत राहिली, तेच तेच शब्द, धाप लागेपर्यंत. मग ती होजच्या गुंडाळीवरच बसली. साडी मागून भिजली. ते मात्र तिला कळलं. पाणी गार होतं.

दारातली माणसं एकेक करून आत गेली. मग विक्की तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मीपण बोलावलं होतं त्याला," तो म्हणाला. "त्या दिवशी. निळ्या हेल्मेटवाले पळताना दिसले. मी दादाला हाक मारली. तो माझ्या मागं येतोय असंच वाटलं मला. बाहेर येऊन मागं वळलो तर नव्हता. परत जायला लागलो तर धरलं मला दोघांनी."

स्वरूपानं त्याच्याकडे पाहिलं. "घरी का आला नाहीस?"

"जाईमावशी म्हणणार, त्याची वेळ भरली होती. आणि मी काय म्हणू? व्हय म्हणू?"

"रविवारी ये," ती म्हणाली. "आईंना सांग."

"मला नाही जमणार, वहिनी."

"मलाही जमत नाही. म्हणून म्हणते, ये. मी शेजारी बसते."

तो रविवारी आला. केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला आल्यासारखा. मिनलला खाली खेळायला पाठवलं. जाईबाईंना त्याला बघून आनंद झाला. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, "वाळलास की रं," म्हणाल्या. मग तो सांगायला लागला. सगळं सांगितलं. वेगळे सेट, न पोचलेला हुकूम, त्याची हाक. मध्येच अडला, तेव्हा पुढचं स्वरूपानं सांगितलं.

जाईबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"म्हंजी येळ भरली नव्हती," त्या म्हणाल्या.

विक्कीनं मान खाली घातली. "न्हाई, मावशी."

"मंग येवडं दिस मी लोकान्ला काय सांगत व्हते?"

त्या स्वरूपाकडे वळल्या. "तुला कवापासनं ठावं हाय?"

"काही महिने झाले, आई."

"आन तू गप ऱ्हायलीस."

"हो."

जाईबाई उठल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. विक्की चहा न घेता गेला. त्यानंतर कित्येक दिवस जाईबाई सुनेशी बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, मिनलची वेणी घालायच्या, स्वरूपा कामाला निघाली की तोंड फिरवायच्या. दुपारी एकट्या असताना त्या नव्यानं रडायच्या, असं शेजारणीनं सांगितलं. आधीचं रडणं वेगळं होतं म्हणाली. हे रागाचं आहे. स्वरूपाला वाटलं, आपण चूक केली. मग वाटलं, नाही. दोन्ही आलटून पालटून वाटायचं. निदान वाटत होतं. तेही कधी कधीच, बाकी दिवस जुन्यासारखेच सपाट जायचे.

मे संपता संपता एका संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. जाईबाई समोर येऊन बसल्या आणि गवारीची एक मूठ आपल्याकडे ओढली. शेंगा मोडत, वर न बघता त्यांनी विचारलं, "आता ऐकू जातं का पर समद्यास्नी?"

"जातं."

"समद्यास्नी?"

स्वरूपा थांबली. "दोन ग्रामपंचायतींची लहान पथकं राहिलीत. चाकणच्या पलीकडची. त्यांच्याकडे जुनेच सेट आहेत. नवे यायचेत."

"कवा?"

"माहीत नाही. पुढच्या महिन्यात म्हणतात. मागच्या महिन्यातही तेच म्हणत होते."

जाईबाईंनी शेंगेच्या शिरा काढल्या. "तितं बी कुनाची तरी पोरं असत्याल की."

"असतील."

"मंग इचार की त्यान्ला. गप नगं बसू."

पुढच्या बैठकीत स्वरूपानं विचारलं. सगळ्यात मागच्या खुर्चीवरून, त्याच सरळ आवाजात. अधिकारी म्हणाले, प्रस्ताव पुढे गेलाय. तिनं विचारलं, कुठपर्यंत? ते म्हणाले, बघून सांगतो. त्याच्या पुढच्या बैठकीत तिनं परत विचारलं आणि ज्योतीरामही तिच्याबरोबर उभे राहिले. पावसाळ्यात एका ग्रामपंचायतीचे सेट आले. ते कसे वापरायचे ते शिकवायला स्वरूपालाच पाठवलं. शाळेच्या वर्गात बसून तिनं आठ-दहा माणसांना बटणं दाखवली, 'सगळे बाहेर' म्हणजे काय ते सांगितलं, प्रत्येकाकडून स्वतःचं नाव सेटवर म्हणवून घेतलं. एक जण लाजून हळू बोलला, त्याला परत म्हणायला लावलं.

दुसरी ग्रामपंचायत अजून राहिली आहे. स्वरूपा विचारत असते.